ग्राफीनच्या प्रयोगात या चुका टाळा

"पेपरात दिलंय तसंच केलं, तरी आकडे येत नाहीत." हे गाऱ्हाणं घेऊन कुणी आलं की मी प्रक्रिया विचारत नाही, बाटली मागते. बाटलीवर 'ग्राफीन', म्हणजे कार्बनच्या अणूंचा एक किंवा मोजकेच थर, असं लिहिलेलं असतं; आत बहुतेकदा बारीक ग्राफाइट, म्हणजे अशा असंख्य थरांची चळत.

दोष गाऱ्हाणं आणणाऱ्याचा कमीच. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत जगभरातल्या ६० उत्पादकांचे नमुने पाहिले होते; बहुतेकांत ग्राफीन १० टक्क्यांहून कमी निघालं. थर दहाच्या वर गेले की वागणूक ग्राफाइटचीच, पावडर कितीही काळीभोर आणि हलकी असो. विकतची पावडरसुद्धा आधी तपासायची, मग वापरायची.

रामन वाचताना

तपासायचं म्हणजे रामन (नमुन्यावर लेझर टाकून परत येणाऱ्या प्रकाशाचा आलेख काढायचा), हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोंधळ होतो तो वाचताना. १५८० सेंमी⁻¹च्या आसपासच्या जी पीकपेक्षा (पीक म्हणजे आलेखातलं शिखर) २७०० जवळचा टू-डी उंच दिसला की वहीत 'एकच थर' अशी नोंद पडते. पण एकमेकांशी कोनात फिरलेले दोन थरही तसाच एकेरी, टोकदार टू-डी दाखवू शकतात. उलट डोपिंग झालेल्या (विद्युतभार कमी-जास्त झालेल्या) अस्सल एका थराचा टू-डी बुटका दिसतो. उंचीसोबत रुंदी बघा. एका थराला ती साधारण २५ ते ३० सेंमी⁻¹ असते. एका ठिपक्यावर विसंबू नका, बऱ्याच जागा मोजा. एएफएमवर (सूक्ष्म सुईने उंची मोजणाऱ्या यंत्रावर) ०.३३५ नॅनोमीटरची, म्हणजे ग्राफाइटच्या दोन थरांतल्या अंतराइतकी, पायरी शोधत बसण्यातही अर्थ नाही. सिलिकावर खाली अडकलेल्या पाण्यामुळे एका थराची उंची बरेचदा ०.८ ते १ भरते.

लेझरची शक्ती हा वेगळाच घोळ. एकाच जागी लागोपाठ स्कॅन घेताना जी पीक कमी आकड्याकडे सरकत गेला, तर नमुना तापतोय. ग्राफीन ऑक्साइडचा (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचा) तपकिरी पापुद्रा असेल तर मोजल्यावर सूक्ष्मदर्शकातून त्या जागेकडे एकदा बघाच. काळा ठिपका दिसला, तर मोजता मोजता तुम्ही त्याचं क्षपण करून टाकलंय, म्हणजे ऑक्सिजन काढून टाकलाय. शक्ती एक मिलिवॉटच्या आत ठेवली की हा त्रास बहुधा टळतो.

धुण्याचा कंटाळा

ग्राफाइटपासून ग्राफीन ऑक्साइड बनवायच्या १९५८च्या हमर्स पद्धतीत सगळे घाबरतात ते परमँगनेट घालायच्या पायरीला, आणि ते योग्यच आहे. गंधकाम्लात त्यापासून तयार होणारं मँगनीज हेप्टॉक्साइड ५५ अंशांच्या पुढे स्फोट करू शकतं, म्हणून बर्फात, चिमूट चिमूट. पण बॅच वाया जाते ती बहुतेक वेळा पुढे, धुताना. आधी विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने मँगनीज काढायचं, मग पाणी. पाण्याच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर आम्ल कमी होतं तसं ग्राफीन ऑक्साइड फुगून जेलीसारखं होतं. सेंट्रिफ्यूजच्या नळीत नीट बसत नाही, गाळणकागद चोंदतो. 'बिघडलं' म्हणून लोक इथे हात टेकतात. खरं तर ऑक्सिडीकरण छान झाल्याचं ते लक्षण आहे. इथून पुढे डायलिसिसची पिशवी (क्षार बाहेर जाऊ देणारी, थर आत ठेवणारी) आणि काही दिवसांचा धीर लागतो.

माझ्या पहिल्या बॅचचं धुणं मी याच पायरीवर सोडून दिलं होतं. उत्प्रेरक म्हणून ती इतकी सुरेख चालली की आम्ही 'धातूविरहित कार्बन'वरच्या पेपरचा मसुदाही लिहायला घेतला. मग आयसीपी-एमएसचा (धातूंचे बारीक अंश मोजणाऱ्या चाचणीचा) अहवाल आला आणि श्रेय मँगनीजला द्यावं लागलं. रसायनशास्त्रज्ञ मार्टिन पुमेरा आणि सहकाऱ्यांनी तर २०२०मध्ये ग्राफीनमध्ये चक्क पक्ष्यांची विष्ठा मिसळून उत्प्रेरकाची कामगिरी सुधारते हे दाखवलं! त्यातली थट्टा आमच्यासारख्यांवरच होती. उरलेल्या पोटॅशियम क्षारांचा धोका आणखी थेट: त्यांच्यामुळे वाळलेलं ग्राफीन ऑक्साइड सहज पेट घेतं.

वाळवण्यासाठी ओव्हन नको. पाणी जाताना थर पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि दर ग्रॅमला २६३० चौरस मीटर पृष्ठफळ हा सैद्धांतिक आकडा कागदावरच राहतो. क्षपणानंतर एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या चाचणीत) २६ अंशांजवळ तीक्ष्ण पीक आला, तर समजा तुम्ही फिरून ग्राफाइटच्या दारात आलात. गोठवून वाळवा. जमत असेल तर वाळवूच नका, पाण्यातच ठेवा.

नळ्यांचं थोडक्यात

कार्बनच्या नॅनोनळ्यांचे (ग्राफीनच्या गुंडाळीसारख्या नळ्यांचे) झुपके सुटत नाहीत म्हणून सोनिकेशन (ध्वनिलहरींनी हलवणं) तासन्‌तास चालवू नका. झुपके सुटतात, पण नळ्याही तुटतात आणि रामनचा डी पीक, म्हणजे दोषांची खूण, चढतो. बर्फात ठेवून थोड्या थोड्या वेळाने करा, आधी सरफॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) बदलून बघा. सोनिकेशनच्या प्रोबच्या (द्रवात बुडवायच्या दांड्याच्या) टोकाचे टायटॅनियमचे कण नमुन्यात झडतात, तेही सेंट्रिफ्यूजने काढावे लागतात.

आणि कोरडी पावडर उघड्या टेबलावर तोलू नका. लांब, ताठ, बहुभिंती नळ्या फुफ्फुसात अॅस्बेस्टॉससारख्या वागू शकतात. त्यातल्या एमडब्ल्यूसीएनटी-७ या प्रकाराला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकलं. तोलायचं ते फ्यूमहूडमध्ये, नीट बसणारा मास्क लावून. सांडलं तर झाडू नाही, ओला कागद.