परदेशी संस्थेचे स्थानिक भागीदार होताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या छोट्या संस्थांकडून मी हे वरचेवर ऐकतो : "मुंबईच्या संस्थेला बाहेरून निधी आलाय, त्यातला थोडा आपल्याला देतायत." इथेच थांबा. 29 सप्टेंबर 2020 पासून एफसीआरएचा (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) पैसा एका संस्थेने दुसरीला देता येत नाही. दोघींची या कायद्याखाली नोंदणी असली तरी नाही. पूर्वी चालायचं, म्हणून अजून डोक्यातून जात नाही. मोठ्या संस्थेने माणसं स्वतः नेमावीत, बिलं स्वतःच्या खात्यातून भागवावीत. तुमच्या वाट्याला राबणं येईल. मग अहवालात नाव कुणाचं, ते आधीच करारात लिहून घ्या.

निधी थेट घ्यायचा तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. तो आधी दिल्लीला, संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच येतो. मग सोलापुरातल्या खात्यात वळवता येतो. त्या खात्यात गावातली वर्गणी भरू नका. आमच्या नव्या पोराने घाईत चार हजार भरले आणि पुढचे दोन महिने ऑडिटरकडे हेलपाटे! प्रशासकीय खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्क्यांवर आली आहे. जुन्या बजेटवर नुसती तारीख बदलून पाठवू नका.

सर्वेक्षणात तर आम्ही तोंडावर पडलो. बाहेरून आलेली प्रश्नावली मराठीत केली आणि पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांकडे नेली. घरात बोली तेलुगू. त्यात पहिलाच प्रश्न, मासिक उत्पन्न किती? मजुरी हजार विड्यांवर मिळते, खराब म्हणून काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. महिन्याचा आकडा कोण ठेवणार? सुपातली पानं न सोडता एक मावशी म्हणाल्या, "काल सातशे झाल्या. आज पुतणीचं लग्न, मग काय, शून्य." तेलुगू येणारी वस्तीतलीच मुलगी सोबत घेतली, प्रश्न 'काल किती दिल्या?' असा केला, तेव्हा कुठे फॉर्म भरले. प्रश्न बदलून मागायला भागीदार संस्था लाजतात. निधी जाईल ही भीती असते. आम्ही मागितलं, त्यांनी तीन दिवसांत बदलून दिलं.

नोंदणी असेल तर परदेशी निधीच्या हिशेबाचं वार्षिक एफसी-4 विवरण 31 डिसेंबरपर्यंत भरायचंच, वर्षभरात एक रुपया आला नसला तरी.

आणि धर्मादाय कार्यालयातला शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, उतारा आजच काढून बघा. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. आमच्या उताऱ्यावर सहा वर्षांपूर्वी वारलेले खजिनदार अजून हयात होते, आणि परदेशी संस्थेला त्यांचीच सही हवी होती.