घरच्या खोलीसाठी स्टुडिओ मॉनिटर निवडताना

स्टुडिओ मॉनिटर म्हणजे आवाज न सजवता, आहे तसा ऐकवणारे स्पीकर. आधी खोली बघा, मग स्पीकर. लहान खोलीत ५ इंची वूफर (बेस वाजवणारा मोठा कोन) पुरतो. ८ इंची आणलात तर बेस कोपऱ्यात साचतो आणि किक (ड्रमचा खालचा ठोका) नुसती घुमते.

माझं टेबल भिंतीला चिकटून आहे, त्यामुळे मी सगळ्यात आधी पोर्ट, म्हणजे बेसची हवा बाहेर सोडणारं भोक, कुठे आहे ते पाहतो. मागे पोर्ट असेल तर भिंतीपासून थोडं अंतर हवंच. यामाहा एचएस५ या मॉनिटरचा पोर्ट मागे आहे, पण पाठीवरचं रूम कंट्रोलचं बटण वापरून खालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने उतरवता येतो. त्याची खालची मर्यादा ५४ हर्ट्झ. त्याहून खालचा बेस, म्हणजे सब-बेस, तपासायला हेडफोन लागणारच.

ऐकून बघायला तुमची पाठ असलेली गाणी न्या. गाणं ‘भारी’ वाटलं म्हणून भुलू नका. गायकाचा श्वास, हाय-हॅटची (ड्रमच्या जोड-झांजेची) धार सुटी ऐकू येते का ते बघा.

डीजेइंगला ब्लूटूथ नकोच, बीट जुळवताना आवाज मागे पडतो. डीजे कंट्रोलरला फक्त आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांचं) आउटपुट असेल तर तशी केबल आधीच घ्या.

ट्वीटर (वरचे, बारीक आवाज वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर, दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं मिळून समभुज त्रिकोण. खाली फोमचे पॅड टाका, नाहीतर टेबलही वाजतं.