गायन मंडळाचा इतिहास कसा लिहावा: मराठवाड्यातली चर्च आणि कॅथेड्रल

चर्चचा सुवर्णमहोत्सव जवळ आला की गायन मंडळाचा इतिहास लिहायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं, आणि पहिलंच वाक्य चुकतं: ‘आमचं मंडळ स्थापनेपासून कॅथेड्रलशी जोडलेलं आहे.’ कॅथेड्रल म्हणजे बिशपांचं मुख्य चर्च. मराठवाड्यात हा दावा सहसा खरा नसतो. इथली जुनी मंडळं कॅथेड्रलपेक्षा वयाने मोठी आहेत.

म्हणून लेखणी उचलण्याआधी एका कागदावर मांडून घ्या: कोणत्या काळात आपली मंडळी (म्हणजे चर्चचे सभासद) कोणत्या बिशपांकडे होती? कॅथलिक पॅरिश (स्थानिक चर्च) असेल तर औरंगाबाद धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश, १९७७ मध्ये अमरावतीतून वेगळा निघाला, आणि सेंट फ्रान्सिस द सेल्स चर्चचा कॅथेड्रल हा मान तेव्हापासूनचा. त्याआधी १९५५ पासून अमरावती, त्याच्याही मागे नागपूर. तेव्हा घोगरगावकडच्या एखाद्या पॅरिशचा १९५० मधला पत्रव्यवहार शोधायचा तर नागपूरकडे बघावं लागतं.

प्रोटेस्टंट मंडळींचं गणित निराळं. जालन्यात एकोणिसाव्या शतकातले धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांच्या काळापासून स्कॉटिश मिशन होतं. त्या परंपरेत बिशपच नव्हते, मग कॅथेड्रल कुठून येणार? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, त्यानंतर बिशपांशी हा धागा जुळला. औरंगाबादेतलं ‘चर्च मिशनरी सोसायटी’ या संस्थेचं काम मात्र अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं होतं, तिथे बिशप आधीपासून होते. एकाच ऐक्य झालेल्या चर्चमधल्या दोन मंडळांचा इतिहास असा दोन तऱ्हेचा असू शकतो.

आता कागदपत्रं. मंडळाचं स्वतःचं इतिवृत्त क्वचितच सापडतं, त्यात वेळ घालवू नका. थेट चर्चची जमाखर्चाची वही मागा. पेटीचा भाता बदलला, तबल्याला पुडी चढवली, नाताळात गाणाऱ्यांना चहा-फराळ दिला, या नोंदी तिथेच मिळतात. १९४८ च्या आधीची वही असेल तर दोन ठिकाणी फसगत होते. पहिली, सन: निजामी राज्यात फसली सन ही महसुली कालगणना चालायची. त्यात ५९० मिळवा. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने पुढच्या जानेवारीपासूनच्या नोंदींना ५९१ मिळवायचे. दुसरी, पैसे: ‘हाली’ (निजामाचा रुपया) आणि ‘कलदार’ (ब्रिटिश रुपया) ही वेगळी नाणी. सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार, म्हणजे ७० रुपये हालीची पेटी कलदार हिशेबाने ६० ची. वहीत जसं आहे तसंच उतरवा, आकडेमोड कंसात करा.

कागदावर तारीख नसेल तर पत्ता बघा. ‘जालना, जि. औरंगाबाद’ असा छापील शिक्का बहुधा १ मे १९८१ च्या आधीचा, ‘लातूर, जि. उस्मानाबाद’ हा १९८२ च्या आधीचा. जुने शिक्के पुढेही वापरात राहतात, त्यामुळे शिक्क्यापेक्षा हाताने लिहिलेल्या पत्त्यावर जास्त विश्वास ठेवा.

कॅथेड्रलशी नातं दाखवायला ‘घनिष्ठ संबंध’ असले शब्द नकोत, प्रसंग हवेत. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातली तेलांची मिस्सा (बिशप पवित्र तेलं आशीर्वादित करतात ती उपासना), धर्मगुरूंची दीक्षा, बिशपांचा अभिषेक, धर्मप्रांताचे महोत्सव: अशा वेळी गावोगावची मंडळं एकत्र गातात, आणि त्यांच्या छापील पुस्तिकांत कोणत्या मंडळाने काय गायलं हेही कधी कधी दिलेलं असतं. उलट बाजूने दृढीकरणाचं (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीचं) रजिस्टर तपासा. त्यात बिशपांची सही असेल त्या दिवशी ते गावात होते, हे पक्कं. मंडळाने त्या दिवशी गायलं हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. त्याला खर्चाची नोंद किंवा फोटो जोडीला लागतो.

गाण्यांची यादी करताना क्रमांकावर विसंबू नका, तो आवृत्तीगणिक बदलतो. पहिली ओळ आणि चाल दोन्ही लिहा. एकच गीत एका गावात अभंगाच्या चालीवर, दुसऱ्या गावात इंग्रजी चालीवर गातात, आणि खरा इतिहास तर तिथेच असतो. कॅथलिक मंडळाबद्दल ‘१९५५ मध्ये पूर्ण मिस्सा मराठीत गायली’ असं कुणी सांगितलं तर थांबा. देशी भाषांना वाट मिळाली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या डिसेंबर १९६३ च्या निर्णयाने. त्याआधी मिस्सा लॅटिनमध्ये असे. सांगणाऱ्याला आठवतंय ते बहुधा मिरवणुकीतलं किंवा नोव्हेनातलं (नऊ दिवसांच्या प्रार्थनेतलं) भजन असावं.

ग्रुप फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक चेहऱ्याला अलगद क्रमांक द्या. नावं त्या क्रमांकांपुढे वेगळ्या वहीत लिहा. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, उठाव पुढे येतो. लॅमिनेशन तर नकोच. जुनी कॅसेट लावण्याआधी आतला छोटा फोमचा तुकडा जागेवर आहे का बघा. तो पडला असेल तर आवाज दबका येतो आणि लोकांना वाटतं टेपच गेली. एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून मग वेव्ह फाइलमध्ये उतरवा, एमपीथ्री नंतर त्यावरूनच काढता येते.

जुन्या गायकांना एकेकटं भेटा. चौघांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचं साल सगळ्यांचं होतं. ‘कोणत्या वर्षी?’ यापेक्षा ‘तेव्हा पाळक कोण होते, पेटी कोण वाजवायचं?’ असं विचारा. पाळकांचा कार्यकाळ रजिस्टरमधल्या सह्यांवरून लागतो. दोन सांगण्यांत फरक पडला आणि कागद सापडत नसेल, तर दोन्ही सांगणी नावानिशी छापा आणि पुस्तिकेची एक प्रत धर्मप्रांताच्या कार्यालयात द्या. उत्तर कधी कधी दुसऱ्या गावच्या पुस्तिकेत निघतं, आणि ती लिहिणारे लोकही त्याच कार्यालयात विचारायला येतात.