मेकॅनिकलच्या नोकरीसाठी रिझ्युमे कसा लिहावा: नागपूरच्या मुलामुलींसाठी

नागपुरात दरवर्षी मेकॅनिकलची मोठी बॅच बाहेर पडते आणि त्यातले बरेचसे रिझ्युमे एकमेकांवरून उतरवलेले असतात. सिनिअरची फाइल मागून घ्यायची, नाव आणि नंबर बदलायचा, ‘हार्डवर्किंग’ आणि ‘क्विक लर्नर’ तसंच राहू द्यायचं. प्रॉडक्शन मॅनेजर असा कागद हातात घेतो तेव्हा त्याला एवढंच पाहायचं असतं की या पोरानं किंवा पोरीनं कोणत्या मशीनवर, कोणत्या पार्टवर, नेमकं काय केलं. तेच त्यात नसतं.

आधी नोकरी ठरवा, मग कागद उघडा

आपल्याकडे दिशा बदलली की काम बदलतं. हिंगण्याला महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि एमआयडीसीत मशीनिंग-फॅब्रिकेशनची लहानमोठी युनिट्स आहेत. तिथे सीएनसी, फिक्स्चर आणि इन्स्पेक्शनची भाषा चालते. मिहानमध्ये विमानांचे भाग बनतात, विमानांची देखभालही होते. त्यामुळे ड्रॉइंग वाचणं, जीडी अँड टी (ड्रॉइंगवर पार्टच्या आकाराची आणि जागेची सूट दाखवण्याची खूणपद्धत) आणि नोंदी ठेवण्याची शिस्त पाहिली जाते. बुटीबोरीला टायरपासून वीजवाहिन्यांच्या टॉवरपर्यंत बरंच काही तयार होतं. कोराडी, खापरखेडा, मौदा म्हणजे औष्णिक वीज, म्हणजे पंप, कोल मिल, बॉयलर, टर्बाइन.

एकच रिझ्युमे या सगळ्यांना पाठवू नका. प्रॉडक्शन-क्वालिटीसाठी एक आणि मेंटेनन्ससाठी एक, असे दोन तरी करा. डिझाइनकडे जायचं असेल तर तिसरा. महानिर्मिती किंवा वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) यांसारख्या सरकारी कंपन्यांत भरती जाहिरात, ऑनलाइन अर्ज आणि परीक्षा किंवा ‘गेट’ या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होते. तिथे रिझ्युमेवर रात्री जागवण्यापेक्षा अभ्यास करा. पण वीज केंद्रांतल्या मेंटेनन्सचं कंत्राट घेणाऱ्या खासगी कंपन्या रिझ्युमे पाहूनच बोलावतात.

कच्चा माल गोळा करा

कोऱ्या वहीत सगळं लिहून काढा: वर्कशॉपमधले जॉब, इंटर्नशिप, फायनल इयरचा प्रोजेक्ट, बाहा किंवा सुप्रासारखी विद्यार्थ्यांनी गाडी बनवण्याची स्पर्धा, काकांच्या गॅरेजमध्ये उघडलेलं गिअरबॉक्ससुद्धा. प्रत्येकापुढे मशीन, मटेरियल, माप, वापरलेलं हत्यार आणि निकाल लिहा. जे आठवत नाही ते जुन्या रिपोर्टमधून किंवा प्रोजेक्टच्या सोबत्यांकडून काढा. याच टप्प्यावर बहुतेक जण कंटाळतात, आणि खरं काम इथेच असतं.

आता ओळी घडवा

रिझ्युमे इंग्रजीतच द्यायचा आहे, पण विचार पक्का होण्यासाठी ओळ आधी मराठीत घडवून पाहा. समजा कच्ची ओळ आहे, ‘सीएनसी मशीनवर प्रशिक्षण घेतलं’. यातून काही कळत नाही. तीच ओळ अशी लिहा: ‘फानुक कंट्रोलच्या सीएनसी लेथवर ईएन ८ पोलादाचे ३२ मिमी व्यासाचे शाफ्ट टर्न केले, टॉलरन्स ±०.०५ मिमी, प्रत्येक बॅचचा पहिला पार्ट मायक्रोमीटरनं तपासून नोंद केली.’ वाचणाऱ्याला लगेच चार प्रश्न सुचतात, आणि मुलाखत तुमच्या माहितीच्या मैदानावर सुरू होते.

मेंटेनन्सची ओळ वेगळी असते. तिथे बिघाड, कारण आणि उपाय हा क्रम ठेवा: ‘हायड्रॉलिक प्रेसचं सील वारंवार गळत होतं, तेलातल्या कचऱ्यामुळे रॉडवर ओरखडे पडत असल्याचं शोधलं, फिल्टर बदलण्याचं वेळापत्रक बसवलं, महिन्याला तीनदा होणारं ब्रेकडाउन एकावर आलं.’ आकडा तुमच्या लॉगबुकातला असेल तरच लिहा.

फुगवलेला आकडा कसा पकडला जातो ते पाहा. समजा तुम्ही लिहिलं की ०.००५ मिमीपर्यंत अचूक माप घेतलं. समोरचे साहेब विचारतील, ‘कशानं मोजलं?’ तुम्ही म्हणालात ‘व्हर्निअरनं’, की संपलं. कॉलेजातल्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सर्वांत लहान माप) साधारण ०.०२ मिमी आणि साध्या मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी असतो. त्या एका ओळीमुळे बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

प्रोजेक्ट चौघांचा असेल तर चौघांचा म्हणा आणि लगेच आपला वाटा सांगा. ‘आम्ही बनवलं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘ते ठीक आहे ना भाऊ, पण तू काय केलं?’ फ्रेमची वेल्डिंग तुमची असेल तर तेवढंच ठामपणे लिहा.

मांडणी

फ्रेशरला एक पान पुरतं. वर नाव, मोबाइल, साधा ईमेल आणि ‘नागपूर’ एवढंच. पूर्ण पत्ता नको. त्याखाली दोन ओळींत कोणतं काम हवं आहे आणि त्यासाठी काय येतं ते. मग इंटर्नशिप आणि प्रोजेक्ट, नंतर शिक्षण. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आला असाल तर डिप्लोमा ठळक लिहा. ड्रॉइंग आणि वर्कशॉपवर हात बसलेला मुलगा म्हणून त्याची किंमत होते. बीओई (बॉयलर चालवण्याच्या इंजिनिअरची परीक्षा) झालं असेल तर मेंटेनन्सच्या रिझ्युमेत ते अगदी वर हवं.

सॉफ्टवेअरची नुसती यादी देऊ नका. सॉलिडवर्क्स येतं म्हणजे पार्ट मॉडेल करता येतो, की असेंब्ली करून त्यातून शॉप फ्लोअरला देण्याजोगं ड्रॉइंग काढता येतं? तेवढं लिहा. अ‍ॅन्सिस या अ‍ॅनालिसिसच्या सॉफ्टवेअरचा एक ट्युटोरिअल केला असेल तर ते वगळलेलंच बरं.

वडिलांचं नाव, जात-धर्म, छंद आणि शेवटचं ‘वरील माहिती खरी आहे’ हे प्रतिज्ञापत्र काढून टाका. बॅकलॉग किंवा गॅप लपवू नका. गॅपमध्ये काय केलं ते एका ओळीत सांगा. शिफ्टला तयार असाल तर तेही लिहा, कारण बुटीबोरीच्या रात्रपाळीला कोण येईल ही एचआरची खरी चिंता असते.

दोन कॉलम, आयकॉन आणि ‘ऑटोकॅड ८० टक्के’ असे पट्टे टाळा. नोकरीच्या पोर्टलवरची सॉफ्टवेअर असा मजकूर अनेकदा नीट वाचू शकत नाहीत. साधा एक कॉलम, वर्डमधून थेट काढलेली पीडीएफ. प्रिंट स्कॅन करून पाठवू नका.

पाठवण्याआधी

ओळखीत कारखान्यात काम करणारं कुणी असेल, सुपरवायझर किंवा टर्नर, त्यांच्यासमोर बसून प्रत्येक ओळीवर दोन-दोन प्रश्न विचारायला सांगा. ज्या ओळीवर अडखळलात ती त्याच दिवशी वाचून पक्की करा, नाहीतर खोडा. फाइलच्या नावात तुमचं नाव, शाखा आणि पद एवढंच ठेवा. ईमेलच्या विषयात पदाचं नाव, मजकुरात तीन-चार ओळी, आणि त्या कंपनीत काय बनतं हे वाचून त्याच्याशी जुळणारं तुमचं एक काम. आठवड्यानं उत्तर आलं नाही तर एकदा फोन करून विचारा. हिंगण्यातल्या छोट्या युनिटमध्ये तर सकाळी फाइल घेऊन गेटवर गेलात तरी चालतं.