अँटिबायोटिकच्या फर्मेंटेशनकडे वळताय? आधी डिस्टिलरी डोक्यातून काढा

आपल्या सांगलीकडची मायक्रोबायोलॉजीची पोरं कारखाना, मळी आणि यीस्ट बघतच मोठी होतात. यीस्ट साखर खातं, वाढतं आणि वाढता वाढताच अल्कोहोल देतं. मग बुरशी जोमात वाढली की पेनिसिलिनही भरपूर, असं आपण धरून चालतो. मीही चाललो, आणि ही समजूत माझ्या डोक्यातून लवकर गेली नाही.

पेनिसिलिन हा दुय्यम चयापचयाचा पदार्थ, म्हणजे वाढीसाठी न लागणारा आणि बहुतेक वाढ मंदावल्यावर बनणारा. पेनिसिलियमला, म्हणजे पेनिसिलिन बनवणाऱ्या बुरशीला, भरपूर ग्लुकोज दिलं की ती धडाधड वाढते, पण तेच ग्लुकोज पेनिसिलिन बनवणारी जनुकं दाबून ठेवतं. शिवाय सिस्टीन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं पेनिसिलिनलाही लागतात आणि वाढीच्या प्रथिनांनाही. ग्लुकोज सरलं, वाढ मंदावली की उत्पादन सुरू. म्हणून तर 1940च्या दशकात अमेरिकेत पिओरियाच्या प्रयोगशाळेने सावकाश पचणारं लॅक्टोज आणि कॉर्न स्टीप लिकर (मका भिजवलेलं दाट पाणी) वापरलं. पुढे ग्लुकोजच थेंबाथेंबाने सोडायला लागले. फेड-बॅच म्हणतात ते हेच. पेनिसिलिन जी या प्रकारासाठी त्याचा कच्चा माल असलेलं फिनाइलअ‍ॅसेटिक आम्लही असंच बेताने सोडतात, जास्त झालं तर बुरशीलाच बाधतं. आणि बुरशी दाट झाली की ब्रॉथ, म्हणजे ती वाढते ते द्रव माध्यम, घट्ट होतो, ऑक्सिजन पोचत नाही. म्हणजे नुसती वाढ तिकडूनही अंगाशी येते.

आधी वाढ, मग उत्पादन अशा दोन टप्प्यांचा आलेख झेरॉक्स नोट्समध्ये सगळ्यांकडे असतो. पाठ करणाऱ्याला इंटरव्ह्यूत ‘ग्लुकोज वाढवलं तर?’ एवढंच विचारलं तरी घाम फुटतो. महागडे सर्टिफिकेट कोर्स त्यातून वाचवत नाहीत. माझ्या मते गाईडपेक्षा रात्रपाळीचा ऑपरेटर जास्त शिकवतो, फक्त त्याला विचारायला लाजू नका.

फर्मेंटर नाही म्हणून रडायचीही गरज नाही, कॉलेजातला शेकर (फ्लास्क हलवत ठेवणारं यंत्र) पुरतो. उसाच्या नाहीतर हळदीच्या रानातली माती पाण्यात पातळ करून स्टार्च-केसीन अगर या माध्यमाच्या प्लेटवर टाका. पावडरीसारख्या कोरड्या, मातीचा वास येणाऱ्या वसाहती उचला, त्यात स्ट्रेप्टोमायसिस (अँटिबायोटिक बनवणारे मातीतले जीवाणू) असण्याची शक्यता चांगली. मग फ्लास्कमध्ये वाढवून रोज थोडा ब्रॉथ काढा, पेशींचं कोरडं वजन घ्या आणि गाळलेला द्रव बॅसिलस हा जीवाणू पसरलेल्या प्लेटवरच्या खड्ड्यात घाला. वजन आधी चढतं, झोन, म्हणजे खड्ड्याभोवतीचं बॅसिलस न वाढलेलं वर्तुळ, बहुतेक वेळा मागून येतो. पहिले दिवस काहीच दिसलं नाही तर फ्लास्क फेकू नका. झोन देणारी वसाहत मिळाली की लगेच ग्लिसरॉल स्टॉक करून (ग्लिसरॉलमध्ये गोठवून) ठेवा, कारण वारंवार सबकल्चर केलेला, म्हणजे नव्या माध्यमावर हलवलेला, स्ट्रेन उत्पादन सोडून देऊ शकतो.