रोज लेन्स घालत असाल तर डोळ्याला हवा कशी मिळते ते आधी समजून घ्या

अकरा वर्षं झाली मी रोज सॉफ्ट लेन्स घालते, नंबर मायनस साडेपाच, आणि त्यातली पहिली सहा वर्षं मी एवढंच धरून बसले होते की काही त्रास होत नाहीये ना, मग डोळे चांगलेच असणार. सकाळी आठला घातलेल्या लेन्स रात्री अकरालाच निघायच्या. एकदा नंबर तपासायला गेले तेव्हा तिथल्या मॅडमनी स्लिट लॅम्पमधून (डोळा मोठा करून बघायचं यंत्र) फोटो काढून स्क्रीनवर दाखवला. बुबुळाच्या वरच्या कडेला केसापेक्षा बारीक लाल रेषा, पांढऱ्या भागातून निघून आत सरकलेल्या. आणि दुखत काहीच नव्हतं!

हे का होतं ते सांगते. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो तो कॉर्निया, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तर आरपार दिसतं. मग त्याला ऑक्सिजन मिळतो तो थेट हवेतून, अश्रूंच्या थरात विरघळून, आणि आपण झोपलो की पापणीच्या आतल्या बाजूने, तोही कमीच. वर लेन्स आली की हे सगळं तिच्यातून गाळून यायला लागतं. हवा कमी पडली की कॉर्निया थोडा सुजतो, आणि असंच वर्षानुवर्षं चाललं तर शरीर कडेने रक्तवाहिन्या आत पाठवायला लागतं. मायनस नंबरची लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, म्हणजे माझ्यासारख्या मोठ्या नंबरवाल्यांना कडेलाच हवा कमी. त्यात भर म्हणजे बरीच वर्षं लेन्स घातल्यावर कॉर्नियाची संवेदना बोथट होते, त्यामुळे दुखत नाही यावर अजिबात विसंबू नका.

म्हणून पहिलं काम, आपली लेन्स कशाची आहे ते विचारा. पाकिटावर नाव असतं पण मटेरियल आपण कधी वाचत नाही. सिलिकॉन हायड्रोजेल मागा, त्यातून साध्या हायड्रोजेलपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन जातो. लेन्समधून किती ऑक्सिजन जातो त्याचा आकडा असतो, डीके/टी म्हणतात त्याला. 1984 मध्ये होल्डन आणि मर्ट्झ या संशोधकांनी दिवसा घालायला साधारण 24 आणि रात्री घालून झोपायला 87 तरी हवा असं मांडलं होतं, यावरूनच कळेल की झोपेत डोळ्याची किती ओढाताण होते. दुपारची डुलकी असो की ट्रेनमधला तासभर, लेन्स काढूनच झोपायचं. घरी आल्यावर लगेच चष्मा लावा, ते संध्याकाळचे तीनचार तास डोळ्याला खूप देऊन जातात.

दुसरं अश्रूंचं. डोळ्यावरचा ओलावा काही मायक्रॉनचाच असतो आणि लेन्स त्याचे दोन भाग करते, थोडा वर थोडा खाली. पापणीच्या कडेच्या ग्रंथींमधून तेल येतं म्हणून अश्रू लवकर सुकत नाहीत, पण लेन्सवर ते तेल नीट पसरत नाही, मग एसीत बसून लॅपटॉपकडे बघत राहिलं की पापण्या कमी मिटतात आणि पाच वाजेपर्यंत चुरचुर सुरू. पापणी पूर्ण मिटायची, अर्धवट नाही. ड्रॉप घ्यायचे तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले घ्या, कारण ड्रॉप टिकावेत म्हणून घालतात ते बेन्झाल्कोनियम क्लोराइड सॉफ्ट लेन्समध्ये मुरतं आणि दिवसभर डोळ्याला लागत राहतं.

तिसरं पाणी, आणि इथे मी कळकळीने सांगते. नळाचं, टाकीचं, बिसलेरीचं, कुठलंच पाणी लेन्सला लागू देऊ नका. पाण्यात अकँथमीबा नावाचा जीव असतो, त्याच्या कवचाला क्लोरीनही फारसं काही करत नाही, आणि तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्महिने चालतात. अंघोळ, पोहणं, होळी, सगळं लेन्स काढून. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करायचे. डबीतलं जुनं सोल्युशन ओतून द्यायचं, त्यातच नवीन भर घालायची नाही, लेन्स तळहातावर सोल्युशनने चोळून मगच ठेवायची. डबी पण सोल्युशननेच धुवा, टिश्यूने पुसून उपडी ठेवा, तीन महिन्यांनी नवीन आणा. घालताना लेन्स बोटाच्या टोकावर धरून कडेने बघा, वाटीसारखी दिसली तर बरोबर, कडा ताटलीसारख्या बाहेर पसरल्या तर उलटी आहे.

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, यातलं एक जरी झालं तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, स्यूडोमोनास जिवाणू असला तर एकदोन दिवसांत कॉर्निया खाऊन टाकू शकतो. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, त्यावरून जंतू शोधता येतो. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे ड्रॉप तर मुळीच नकोत, बुरशी असेल तर ती आणखी वाढते.

वर्षातून एकदा तपासणीला जाल तेव्हा फक्त नंबर काढून परत येऊ नका. लेन्स काढून फ्लुरोसीन नावाचा रंग डोळ्यात टाकून बघा असं सांगा, निळ्या उजेडात जिथे जिथे खरचटलंय तिथे हिरवे ठिपके चमकतात, आणि वरची पापणी उलटवून आतल्या पुळ्या पण बघायला सांगा. माझ्या त्या लाल रेषा पाच वर्षांत पुढे सरकलेल्या नाहीत, रक्त ओसरलंय, नुसत्या पोकळ नळ्या राहिल्यात, त्या काही जाणार नाहीत असं मॅडम म्हणाल्या.