एल्डरबेरी घरात आणताय? आधी एवढं करून ठेवा

एल्डरबेरी म्हणजे झुडपावर झुबक्यांनी लागणारी बारीक फळं. पूर्ण पिकलेले, काळ्या-जांभळ्या फळांचेच झुबके निवडा. लाल फळांची जात असते, तिच्या वाटेला घरच्या स्वयंपाकात जाऊच नये, आणि झाडाबद्दल तिळमात्र शंका असेल तर फळं झाडावरच राहू द्यात.

घरी आल्यावर खरं काम देठांचं. एल्डरबेरीची पानं, देठ, साल, हिरवी फळं आणि बिया यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कॅलिफोर्नियात 1983 साली पानं-देठांसकट चेचून काढलेला कच्चा रस प्यायलेल्या आठ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं होतं. म्हणून इथे घाई नको. झुबके तसेच्या तसे ताटात पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी हलकेच झटकले की गोठलेली फळं मण्यांसारखी टपटप गळतात. तरी दोऱ्याएवढ्या बारीक काड्या मागे राहतातच. त्या उजेडात बसून एकेक वेचाव्या लागतात. मग पातेल्यात भरपूर पाणी घेऊन फळं बुडवा; हिरवी, पोचट फळं आणि कचरा वर तरंगतो, तो काढून टाका. डाग पटकन जात नाहीत, तेव्हा जुना एप्रन घाला.

फळं शिजवल्याशिवाय मिक्सरला लावू नका, बिया फुटतात. पाणी घालून, झाकण न ठेवता पंधरा-वीस मिनिटं खळखळून उकळा, मग गाळा आणि चोथा फेकून द्या. वाळवलेल्या फळांनाही हाच नियम. नुसत्या गरम पाण्यात भिजवून चहासारखं पिणं पुरेसं नाही. गाळलेल्या रसात मध घालणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला तो अजिबात देऊ नका.

साठवणीबद्दल मी फार काटेकोर आहे. हे फळ चवीला आंबट लागलं तरी त्याची आम्लता बाटलीबंद करून बाहेर ठेवण्याइतकी भरवशाची नसते, त्यामुळे घरी केलेलं सिरप कपाटात नको. चार-पाच दिवसांत संपेल एवढंच फ्रिजमध्ये, बाकीचं छोट्या डब्यांतून उणे 18 अंशांवर. डबा काठोकाठ भरू नका, गोठताना रस फुगतो.

न शिजवलेली फळं गोठवलीत तर पाकिटावर तारखेशेजारी ठळक अक्षरांत ‘कच्ची, शिजवूनच खा’ असं लिहा. स्मूदी करायला फ्रीझर उघडणाऱ्या घरातल्या कुणालाही ती ब्लूबेरीच वाटतील.